थोरल्या जाऊबाईंच्या छातीचा फोटो

धाकट्या जाऊबाई पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं, इथवर फारसं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. इस्पितळातून मिळालेली एक्स-रेची काळी फिल्म त्यांनी घरी आणली आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेला चिकटवून टाकली.

ऊन आलं की मनगटाची हाडं लख्ख उजळायची. पोस्टमन सायकल थांबवून बघायचा. "डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी दणकट हाडं पाहिली नाहीत," हे धाकट्या जाऊबाई प्रत्येकाला ऐकवायच्या. मग मोडली कशी, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

समोरच्या घरातून थोरल्या जाऊबाई हे सगळं बघत होत्या आणि आतल्या आत धुमसत होत्या. त्याचा ताप झाला त्यांच्या सुनेला, कारण त्या इस्पितळात एक्स-रे काढायचं काम तीच करायची.

"माझाही एक काढ," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तो काय स्टुडिओ आहे? तुम्हाला काय होतंय?"

"काय व्हायला हवं?"

सुनेने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना खोकला झाला. सून घरात असली की यायचा, बाहेर गेली की जायचा. पण दोन आठवडे खोटं खोटं खोकून घसा असा सोलवटला की खोकला खराच झाला, आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो लिहून दिला. चिठ्ठी हातात धरून सासूबाई एक्स-रेच्या खोलीत शिरल्या त्या नवरीसारख्या, पावडर लावून.

इस्पितळ लहान आणि मशीन जुनं. फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची, चिमट्याला लटकवून वाळवायची. सुनेने नेहमीच्या सूचना दिल्या. "चष्मा, पिना, बांगड्या, धातूचं सगळं काढा. आणि हा झगा घाला."

चष्मा निघाला, पिना निघाल्या. झग्याला मात्र सासूबाईंनी हात लावला नाही. "सुनेसमोर कपडे बदलू? अंगावरच्या कपड्यांत काढ. मी काही लोखंडाची नाही."

बाहेर बाकावर आठ माणसं ताटकळत होती. सुनेने वाद घातला नाही. त्यांना मशीनच्या पाटीला छाती टेकवून उभं केलं आणि पडद्यामागून ओरडली, "श्वास घ्या! रोखून धरा!"

"किती वेळ?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलू नका! परत घ्या!"

फिल्म धुऊन आली तेव्हा डावीकडे, बरगड्यांवर, एक किल्ली दिसत होती. वीतभर लांब, तीन पाकळ्यांच्या मुठीची, त्यातली एक पाकळी तुटकी.

"आई, आतल्या खिशात किल्ली आहे का कसली?"

"कपाटाची असेल," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या आणि चुपचाप झगा घालून आल्या.

दुसरी फिल्म स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं ठणठणीत आहेत, खोकणं तेवढं थांबवा. मग एक हात मोडलेला सुतार कण्हत आला आणि सून त्याच्यामागे धावली. तेवढ्यात सासूबाईंनी टेबलावरच्या दोन्ही फिल्म उचलून उजेडात धरल्या. चष्मा अजून पर्समध्येच होता. एकीत नुसतं धुरकट काहीतरी दिसत होतं. दुसरीत तेच होतं, शिवाय डावीकडे काहीतरी छान पांढरंशुभ्र चमकत होतं. रिकामी फिल्म न्यायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या.

संध्याकाळी सून घरी पोचली तर गल्लीत घोळका जमलेला. सासूबाईंच्या खिडकीत त्यांची छाती झळकत होती. आत दिवाही लावलेला. आणि खिडकीसमोर, प्लास्टरमधला हात छातीशी धरून, काचेला नाक टेकवून धाकट्या जाऊबाई उभ्या होत्या.

"जाऊबाई," त्या थंड आवाजात म्हणाल्या, "ही आपल्या सासूबाईंच्या पेटीची किल्ली."

सुनेच्या आजेसासूबाई गेल्या त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यांची लोखंडी पेटी धाकट्या जाऊबाईंच्या घरात होती, किल्ली हरवली होती, आणि त्यावरून दोन्ही घरांत अकरा वर्षं धुसफूस चालू होती.

सासूबाईंनी घाईघाईने चष्मा लावला आणि फिल्म पाहिली.

"चोरली नाही मी," त्या म्हणाल्या. "पेटी तुझ्याकडे गेली. किल्लीही तुला दिली असती तर माझ्याकडे काय राहिलं असतं?"

"मागायचं की! मी नाही म्हटलं असतं?"

"असतं."

धाकट्या जाऊबाईंनी क्षणभर विचार केला. "हो, असतं," त्या म्हणाल्या. "चला आता, उघडू या."

धाकट्यांच्या घरातल्या पेटीचं कुलूप गंजलेलं होतं. सुनेने तेल सोडलं, थोरल्यांनी किल्ली फिरवली, धाकट्यांनी एका हाताने झाकण उचललं. आत ना सोनं ना नाणं. चार लोकरी टोप्या आणि वह्यांचा गठ्ठा. आजेसासूबाई जन्मभर शाळेत मास्तरीण होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी तपासणं सोडलं नव्हतं. पानापानावर तारीख आणि लाल शाईत शेरे.

थोरल्या मोठ्याने वाचू लागल्या. "'रस्सा. थोरली, दहापैकी साडेतीन. धाकटी, साडेतीन. एकमेकींचं बघून केलेलं दिसतं.'"

"मी तुमचं बघून करीन?" धाकट्या कडाडल्या.

"'चहा. दोघी नापास.' बघ, वीस वर्षं नापास!"

"आणि तोंडावर म्हणायच्या, छान झालाय!"

"हलकट बाई!"

"जाऊबाई, मेलेल्या माणसाला..."

"मेली म्हणून काय सुधारली?"

पुढच्या पानावर थोरल्यांच्या झाडण्याला 'वर्गोन्नती नाही' असा शेरा होता. तो ऐकून धाकट्यांना असं हसू फुटलं की मनगट ठणकायला लागलं. थोरल्यांना हसता हसता ठसका लागला, आणि सून पाणी आणायला धावली. परत आली तर दोघी जमिनीवर खांद्याला खांदा लावून बसलेल्या, एकाच चष्म्यातून आळीपाळीने वाचत होत्या.

अंधार पडल्यावर दोघींनी मिळून चहा केला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच एका चुलीशी उभ्या होत्या, त्यामुळे साखर दोघींनीही घातली आणि चहाची पूड कुणीच नाही. कप सुनेच्या हातात देऊन त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सुनेने एक घोट घेतला. तिला वाटलं, दहापैकी दोनसुद्धा जास्त होतील.

"छान झालाय," ती म्हणाली.