पिढी सोडणारा रोग

घेवरचंदशेठकडून सरळ उत्तर काढायचं म्हणजे वाळू रगडायची. मी डॉक्टर; सहा वर्षं दर महिन्याला धुळ्याहून एसटीने पहूरला जायचो, त्यांच्या कापडदुकानात गादीवर बसायचो आणि तेच प्रश्न विचारायचो. शेठ चहा मागवायचे, पावसाचं बोलायचे, पण ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. घरातला रोग म्हटला की लोकांच्या तोंडाला कुलूप लागतं.

रोग वाईटच होता. पस्तिशी-चाळिशीत हातपाय आपोआप उसळायला लागतात, मग जीभ जड होते, मग माणूस कुणाला ओळखेनासा होतो. मेंदूतल्या पेशी मरत जातात, औषध नाही. शेठचे वडील त्यानेच गेले, थोरले भाऊ गौतमचंदही त्यानेच गेले. शेठ स्वतः मात्र साठी उलटूनही ठणठणीत. आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, प्रकाशचंदला, चौतिसाव्या वर्षीच रोग लागलेला.

पुस्तकं म्हणत होती की हा रोग पिढी सोडून जात नाही. आईबापांपैकी एकाला असतो, तेव्हाच मुलांना होऊ शकतो. इथे तर बाप धडधाकट आणि मुलगा आजारी. मला वाटलं, विलायतेतल्या विद्वानांना जे दिसलं नाही ते मला पहुरात सापडलं. वडिलांमागोमाग गौतमचंदांनाही तो झाला होता, हे मात्र मी अपवाद म्हणून सोडून दिलं. मी वंशावळ काढली, लेख लिहिला, तो छापून आला. मी किती फुगलो होतो ते आता सांगायलाही लाज वाटते.

सदुसष्ट साली प्रकाशचंदच्या बायकोने, लाडकुंवरने, दाराआडून मला एकच प्रश्न विचारला होता. तिला एक मुलगा होता. घरचे आणखी मुलं हवीत म्हणत होते. होऊ द्यावीत का?

"हा रोग एक पिढी सोडतो, बाई," मी म्हणालो. "तुमच्या मुलांना भीती नाही."

पुढच्या चार वर्षांत तिला दोन मुली झाल्या.

बहात्तरच्या उन्हाळ्यात मी गावातली जन्मसालं ताडून पाहत होतो. त्यासाठी म्हाताऱ्या सुइणीकडे, धुरपदाबाईकडे गेलो. प्रकाशचंदचं नाव निघताच ती म्हणाली, "त्याले तं मीनंच बाहेर काढलं. मोठ्या शेठानीच्या पोटचा हाये तो, गौतमशेठचा. वर्साचा झाला नि धाकल्याले गोद देल्ला."

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे शाळकरी पोरालाही कळतं, आणि मी त्याच्यावर लेख लिहून बसलो होतो.

मी तडक दुकानात गेलो आणि शेठवर आवाज चढवला. ते बिचारे गोंधळले. त्यांच्या मारवाडी समाजात नारळ देऊन, टिळा लावून मूल गोद घेतलं की ते आपलंच. जन्मदात्या आईलाही ते पुढे बडीमाँ, म्हणजे थोरली काकूच म्हणतं, आणि हा दुसऱ्याचा असं उच्चारणंसुद्धा पाप.

"तुम्ही विचारलं, मुलं किती. मी म्हणालो, एक, प्रकाश," शेठ म्हणाले. "खोटं काय सांगितलं?"

काहीच नाही. सगळा संताप माझ्यावरच उलटला आणि मला तो कुठे ठेवावा कळेना. म्हणजे रोगाने पिढीबिढी काही सोडली नव्हती. बापाकडून मुलाला आला होता, आणि प्रकाशचंदच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला अर्धी शक्यता होती.

दुकानामागच्या घरात लाडकुंवर नवऱ्याला खिचडी भरवत होती. त्याची मान झटके घेत होती, चमचा चुकत होता. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने त्याचं तोंड पुसलं आणि घुंगट पुढे ओढला.

"हे गोद आलेत ते मला लग्नापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "यांच्या जन्मदात्याला झाला, मग यांना झाला. पिढी कुठे सुटली, असं मनात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही गादीवर बसून पुरुषांनाच विचारायचात. आणि तुम्ही शिकलेले, तुम्हाला जास्त कळत असेल, असं वाटलं." मुली अंगणात मातीत खेळत होत्या. तिने एकदा तिकडे पाहिलं. "मला तर थांबायचंच होतं, डॉक्टरसाहेब. तुम्ही नको म्हणाल, म्हणून विचारलं होतं."