खाणीच्या वाटेवरचा खड्डा

मृणालिनीने पदर कमरेला खोचला, डोक्याला भगवा पंचा गुंडाळला आणि ती गाडीच्या पुढे चालू लागली. मागे मार्तंडरावांनी पहिला गिअर टाकला. गाडी आधी थरथरली, मग कुरकुरत तिने चढ धरला.

बोरीवली पूर्वेला हायवे ओलांडून आत गेलं की ही बंद पडलेली दगडाची खाण लागे. कच्चा रस्ता डोंगराच्या कडेने वर जात होता. एका अंगाला कापलेला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ खाली गेलेली खाण आणि तिच्या तळाशी साचलेलं हिरवं पाणी. दर वर्षी दिवाळी उलटली की लांबच्या प्रवासाआधी मार्तंडराव गाडी इथे आणून पारखून घेत. इथे निभावलं तर जव्हारच्या पलीकडच्या रानातही निभावेल, असा त्यांचा हिशेब. यंदा मृणालिनीचा हिशेब वेगळा होता, आणि तो तिने अजून त्यांना सांगितला नव्हता.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातला एक जुना छोटा ट्रक. हायवेलगत टेम्पोच्या बॉड्या बांधणाऱ्या दत्तारामने त्याच्या पाठीवर लाकूड-पत्र्याची एक खोली चढवून दिली होती. आत झोपायला दोन बाकं, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे. सोसायटीतली पोरं तिला ‘काकांचं खुराडं’ म्हणत. मोठी माणसं तोंडावर काही म्हणत नसत, एवढंच. मार्तंडरावांनी कचेरीत बसून जन्मभर धरणांचे नकाशे काढले. ती धरणं प्रत्यक्ष बघायची राहून गेली, म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी हा घाट घातला.

पहिल्याच वर्षी दोघं मरता मरता वाचली. चूक अगदी उपनगरी डोक्याची होती. पाण्याची टाकी कुठे असते? गच्चीवर. सोसायटीत राहणाऱ्या माणसांना दुसरं काही सुचतच नाही. दत्तारामने चांगली दणकट टाकी खोलीच्या टपावर बसवली, आत नळ आणून दिला, आणि तोटी फिरवल्यावर धार लागली तेव्हा तिघांनाही धन्य वाटलं. मग कसाऱ्याच्या पुढे एका आडव्या उतारावर गाडी जराशी कलली, तसं टाकीतलं सगळं पाणी त्याच बाजूला धावलं आणि गाडी दरीकडे झुकायला लागली. एका ऐनाच्या झाडाने तिला अडवलं. मृणालिनी खिडकीतून बाहेर आली.

त्यानंतर नियम आले. जड सामान सगळं खाली. टाकीही बाकाखाली गेली. कुठे चाललो आणि कधी परतणार हे चेंबूरला मुलीला, अनुपमाला कळवल्याशिवाय चाक हलवायचं नाही. उतारावर थांबलो की चाकाला दगड लावायचा. आणि अनोळखी वाटेवर एकाने खाली उतरून पुढे चालायचं. पुढच्याने हात वर केला की गाडी थांबलीच पाहिजे. का, कशाला, हे आधी विचारायचं नाही. मृणालिनीला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे पुढे चालणं कायम तिच्या वाट्याला आलं. घरात तिचं एक वाक्य धड पुरं होऊ न देणारा माणूस रानात तिच्या एका हातासरशी थांबायचा. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

पण आता तिला कंटाळा आला होता. गुडघे दुखत होते. रानातल्या चुलीचा धूर, थंड पाण्याच्या अंघोळी, सतत ती बारीक भीती, सगळ्याचाच वीट आला होता. मार्तंडरावही थकले होते. हल्ली पेपर हातात घेऊन बसत आणि म्हणत, “तूच वाच गं, तुझ्या आवाजात बरं वाटतं.” स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले, नंबर थोडा बदललाय म्हणाले. चष्मा मात्र जुनाच नाकावर राहिला. चालढकल ही त्यांची जुनीच खोड, म्हणून तिनेही विषय सोडून दिला.

मागच्या आठवड्यात अनुपमा घरी आली होती. बाबा अंघोळीला गेलेले बघून तिने स्वयंपाकघरात आईला गाठलं.

“आई, तू सरळ नाही म्हणालीस तर ते हट्टाला पेटतील. त्यापेक्षा त्या खाणीत हात वर कर. रस्त्याचं काही खरं नाही, यंदा राहू दे म्हण. तुझा हात तेवढा ते मानतात ना?”

“म्हणजे खोटा हात करू?”

“मग मी तिकडे चेंबूरला बसून नुसती काळजी करू का? तूच सांग.”

मृणालिनी भाजी चिरत राहिली होती.

आता ते वळण दिसायला लागलं. तिथे रस्ता कातळाला बिलगून डावीकडे वळत होता आणि उजवीकडे खाणीची धार होती. तिने पायाने जमीन दाबून पाहिली. घट्ट होती. ना भेग, ना खड्डा. इतका चांगला रस्ता त्यांना रानात कधी मिळाला नव्हता. ती वळणाच्या तोंडाशी कातळाच्या बाजूला उभी राहिली. चढाने घाम आला होता. तिने पंचा सोडून मान पुसली, त्याचा बोळा काखेत धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कारण नसताना हात वर केला.

गाडी थांबली नाही.

तिला आधी वाटलं, रागावले. तिच्या मनातलं ओळखलं आणि मुद्दाम येताहेत. तिने हात आणखी उंच केला. काचेमागे मार्तंडरावांचा चेहरा दिसत होता. ते थोडे पुढे वाकून बघत होते, कपाळाला आठ्या घालून, दाराआड कोण आलंय ते ओळखू न आल्यासारखे. गाडी तिच्याकडे येत नव्हती. सरळ येत होती. रस्ता मात्र तिथे वळत होता.

“अहो!”

इंजिनाच्या आवाजात तो शब्द कुठच्या कुठे गेला. तिने काखेतला पंचा ओढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवला.

ब्रेक करकचून लागला. धारेवरचे चार खडे सुटले आणि बऱ्याच वेळाने खाली पाण्यात वाजले.

ती पंचा हातात धरून तशीच उभी राहिली. हा पंचा दोन वर्षांपूर्वी त्यांनीच आणला होता. रानात शिकारी फिरतात, तू उठून दिसायला हवीस, असं म्हणाले होते. तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं होतं. दोन वर्षं घाटाघाटांतून आणि नदीच्या पात्रांतून ती पुढे चालली होती, आणि तिच्या मागे येणाऱ्या माणसाला हा एवढाच एक रंग हलताना दिसत होता.

मार्तंडरावांनी काच खाली केली.

“काय झालं?” आवाज अगदी रोजचा होता.

मृणालिनी खिडकीपाशी गेली. अनुपमाने पढवलेलं वाक्य अजून तोंडात होतं. आता त्याची गरजही उरली नव्हती. पण दुसरं जे बोलायचं होतं ते तिच्याने बोलवेना.

“रस्ता खचलाय,” ती म्हणाली. “वळणावरच मोठा खड्डा पडलाय.”

मार्तंडरावांनी काचेतून पुढे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हो ना,” ते म्हणाले. “दिसला मला. म्हणून तर थांबलो.”

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिथे काय आहे ते तिला माहीत होतं. ती खाली वाकून कातळाच्या पायथ्याचे दगड गोळा करायला लागली. एक दगड मागच्या चाकाला लावला, दुसरा त्याच्या पलीकडच्या चाकाला. मग पुढे आली आणि पुढच्या चाकांच्याही पुढे एकेक दगड ठेवला.

दगडांचा आवाज मार्तंडरावांनी ऐकला.

“पुढे कशाला गं? चढावर गाडी पुढे कशी जाईल?”

“असू देत.”

त्यांनी इंजिन बंद केलं. खाणीत एकदम शांत झालं; लांबून हायवेची घरघर तेवढी येत होती. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले.

“मृणाल, खाली जाऊन दत्तारामला घेऊन ये. मागे न्यायची म्हणजे कटकट आहे. कंटाळा आलाय मला.”

“आणते. तुम्ही उतरू नका.”

“नाही उतरत.”

त्यांनी किल्ली काढून खिडकीबाहेर धरली. मृणालिनी होती तिथे नाही, हातभर बाजूला. ती सरकून तिथे जाऊन उभी राहिली, आणि मग तिने किल्ली घेतली.