स्टँड धरणारी

कमळाकरच्या स्टुडिओत अख्खं पनवेल फोटोला बसून गेलं, बसली नाही ती त्याची बायको. बसणार कशी? स्टुडिओ तांदळाच्या दुकानावरच्या माळ्यावर. खाली पोतं आपटलं की वरच्या फळ्या थरथरायच्या आणि स्टँडवरचा कॅमेराही. म्हणून सत्यवती स्टँडचे पाय कवेत घेऊन खाली बसायची, श्वास रोखून. कमळाकर भिंगाचं टोपण काढून परत लावेपर्यंत ती पापणीही हलवायची नाही. लोक म्हणायचे, "कमळाकरशेठ, हात काय स्थिर तुमचा!" आणि हा शहाणा खुशाल मान डोलवायचा.

वेणूचं लग्न झालं. जावई तिकडे आफ्रिकेत, मोंबासाच्या गोदीत कारकून. लेक आता परत कधी दिसेल, देव जाणे. "आये, तुजा येक फोटो दे," वेणूनं एवढंच मागितलं. सत्यवती नवऱ्याच्या मागे लागली. "काढू गं, गिऱ्हाईक तर आटपू दे!" करता करता पोरीच्या निघायचा दिवस उजाडला, तेव्हा कुठे स्वारी तयार झाली.

सत्यवती ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत बसली. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे! तिला लाज वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता.

"स्टँड कोन धरनार? वेणूला हाक मारू?"

"काही नको. दगड बांधलाय. त्याला माणूस कशाला लागतंय?"

तिचाच वरवंटा त्यानं सुतळीनं स्टँडला टांगला होता. तो अजून झुलत होता. तिला दिसलं, पण तोवर टोपण निघालं. आता बोललं तर फोटो बिघडेल, म्हणून ती सवयीनं गप्प राहिली.

दुपारी फोटो हातात आला. नाक कुठलं, डोळे कुठले, काही कळेना.

"हललीस ना? साधं बसता येत नाही तुला!"

सत्यवतीनं फोटो उजेडात धरला.

"मी हालले, बरं. मंग ही खुर्ची पन हालली का वो?"

दुसरा काढायला वेळच नव्हता. वेणूनं रडत रडत तोच फोटो ट्रंकेत घातला आणि दारातल्या गाडीत बसली.

गाडी दिसेनाशी झाली, तोच जिन्यात गिऱ्हाईक उभं. वर जाऊन कमळाकरनं टोपणाला हात घातला.

"चल गं, धर."

"दगड हाय ना," सत्यवती म्हणाली आणि जिना उतरून गेली.