कापलेला डावा बूट

मी एक डावा बूट बोलतोय. खरं तर अर्धाच. करवतीने मला चवड्यापासून टाचेपर्यंत उभं चिरलंय, त्यामुळे माझ्या पोटातलं कुणापासून लपत नाही.

माझा जन्म दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. मालक तरुण. त्याची मोठी बहीण इस्पितळात नर्स. बारा-बारा तास उभी राहायची आणि घरी आली की पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून बसायची. त्या पायांसाठी त्याने तळव्यात तीन थर घालून मला आणि माझ्या उजव्या भावाला घडवलं. चौदा महिने आम्ही तिच्या पायांत होतो.

तिचं पाहून इतर नर्सही बूट मागू लागल्या. मग एका मोठ्या इस्पितळाने एकदम दोन हजार जोड मागितले, तेही तीन महिन्यांत. त्यासाठी बुटांचे तळवे दाबून घडवायचं मोठं यंत्र हवं होतं. ते आलं नाही तर काम दुसरीकडे जाणार आणि कारखान्यातले नऊ कारागीर घरी बसणार, हे उघड होतं.

म्हणून मालक गुंतवणूकदारांचे उंबरे झिजवू लागला. सोबत एक कोरा, कापलेला बूट न्यायचा. संध्याकाळी चपलांच्या कप्प्यात तो कोरा आम्हाला सगळं सांगायचा. ती माणसं काही वाईट नसतात म्हणे. पाणी विचारतात, ‘छान आहे’ म्हणतात, आणि मग फोन उचलत नाहीत.

सातव्या ठिकाणी पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, “कोरा बूट चांगलाच दिसणार. वर्षभर वापरल्यावर आत काय होतं?” मालकाकडे आलेख ढीगभर होते, पण याचं उत्तर नव्हतं. बाईंनी त्याला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं.

“ताई, तुझा एक बूट कापावा लागेल,” घरी येऊन तो मान खाली घालून म्हणाला.

“काप की. आधी पुसून घे, किती मळलाय बघ.”

करवत लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या आत पाहून मालकाचा चेहरा उतरला, ते जास्त लागलं. टाचेपाशी मधला थर दबून पापडासारखा झाला होता.

“हा नको. कोराच नेतो,” तो पुटपुटला.

ताई म्हणाली, “दोन महिने झाले, माझी टाच दुखतेय. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता तूही लपवणार, तर मग दोन हजार जणींच्या टाचांचं काय?”

पुढचे दहा दिवस तो आणि म्हातारा कारागीर त्या थरामागे हात धुऊन लागले होते.

मग मी त्या पांढऱ्या केसांच्या बाईंच्या काचेच्या खोलीतल्या लांब टेबलावर गेलो. आलेख पिशवीतच राहिले. “इथे दबलाय,” मालक म्हणाला. “माझ्या ताईची टाच दुखली तेव्हा कळलं. नव्या बुटांत थर आता बदललाय, पण तो वर्षभर टिकेल का, हे वर्ष गेल्यावरच सांगता येईल.”

टेबलापलीकडच्या एकाने भुवया उंचावल्या. बाईंनी मात्र माझ्या टाचेत अंगठा दाबून पाहिला, बराच वेळ. “पुढच्या वेळी ताईंना घेऊन या,” त्या म्हणाल्या. “मला त्यांच्याशीच बोलायचंय.”

ताई गेली आणि तासभर बोलली. मागितले होते त्याहून कमी पैसे मिळाले, पण यंत्र आलं आणि नऊही कारागीर कामावर राहिले.

आता मी नव्या कारखान्यात फळीवर असतो. पाहुणे यायचे असले की मला चकाचक करतात. उजवा भाऊ घरी ताईपाशीच आहे, त्याची फार आठवण येते. परवा ताई आली होती. पायांत नवा जोड होता. तिने मला उचललं, त्या दबलेल्या थरावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “इथेच उभी होते मी.”

म्हणून एवढंच मागणं आहे. वरून हवं तेवढं पॉलिश करा, पण पाहुण्यांपुढे बरं दिसावं म्हणून माझ्या टाचेतला तो थर कधी बदलू नका.