दहा वर्षं जास्तीची

माझं वय शहात्तर हाय. सरकारच्या कागदावर शहाऐंशी. मधली दहा वर्षं मी कुठं घालवली म्हणाल तर कुठंच न्हाई. ती आमच्या मालकानं वाढवून सांगितली, आन् त्याच्यापायी ह्या दिल्लीच्या, लोकसभेच्या इलेक्शनला माझं मत माझ्या हातातून जाता जाता राहिलं.

आमचे मालक, दगडोबा, बैलांचा सौदा करायचे. त्या धंद्यात एकच कायदा. मनात जे असंल त्याच्या दीडपट बोलायचं, मग समोरचा खाली ओढतो, आपण थोडं रुसतो, आन् मधी कुठंतरी पटतंय. आधार कार्डाचं मशीन गावच्या शाळेत आलं तवा मला चौसष्ट चालू होतं. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला पासष्ट लागायचे. एका वर्षानं अडलं होतं. मालक म्हणले, तू गप बस, बोलणं माझ्याकडं. आन् त्या कंपुटरवाल्याला बेधडक सांगितलं, चौऱ्याहत्तर. त्यांना वाटलं, तो म्हणंल, न्हाई हो बाबा, इतकी कुठं दिसतेत, सत्तर लिहितो. हे म्हणतील, जाऊ द्या, अडुसष्ट करा. असं करत पासष्टावर पटंल. पण त्या माणसानं मान वर करून माझ्याकडं बघितलं सुदा न्हाई. सांगितलं तेवढं टिपलं आन् म्हणला, चला, पुढचं माणूस. मालक दिवसभर बेजार. बैलाचं वय दात बघून सांगणारा माणूस, बायकोचं वय चुकवून बसला.

मालक जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी दिलेली दहा वर्षं मात्र मी वापरून राहिले. म्हैन्याकाठी निलंग्याला एसटीत बसते आन् नांदेडला धाकट्या बहिणीकडं, सगुणाकडं जाते, बिगर तिकिटाची. आता लई म्हाताऱ्यांना एसटी फुकटच हाय. कंडक्टर एकदा कार्डाकडं बघतो, एकदा माझ्याकडं बघतो, म्हणतो, आजी, शहाऐंशीच्या वाटत न्हाईत हो. मी म्हणते, ज्वारीची भाकर खाते बाबा, तुझ्यासारखी बिस्किटं न्हाई.

हे चाललं होतं ते बरं चाललं होतं. पण ह्या खेपेला सरकारनं नवीन काढलं. पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांनी उन्हातान्हात बुथावर यायला नको, फॉर्म भरून दिला की सरकारच घरी येऊन मत घेऊन जाणार. चांगली गोष्ट हाय, मी वाईट म्हणत न्हाई. ज्याला उठता येत न्हाई त्यानं काय करावं? पण मला उठता येतंय.

माझा ल्योक दयानंद, मनानं वाईट न्हाई. बायकोला, लेकराला, मला काही कमी पडू देत न्हाई. एकच खोड, गावातल्या अण्णारावाच्या मागं फिरतो. अण्णारावाकडं एका पक्षाचं गावातलं सगळं काम. परवापर्यंत दुसऱ्या पक्षाचं होतं, ते सोडा. दयानंदानं एक दिवस माझ्यापुढं कागद धरला, म्हणला, माय, एसटीच्या कार्डाचं हाय, सही कर. मी केली. रात्रशाळेत कंदिलाच्या उजेडात शिकलेली सही, क चा वळसा अजून मोडत न्हाई माझा. काय लिहिलंय ते वाचलं न्हाई. पोटच्या लेकरानं धरलेला कागद कोण वाचतंय?

मग अंगणवाडीची रूपाली मतदानाच्या चिठ्ठ्या वाटत आली. यादीचं काम तिच्याकडंच असतंय. दयानंदाची दिली, सूनबाईची दिली, नातीची, वर्षाराणीची दिली. माझी न्हाई. मी म्हणलं, माझी कुठं हाय गं? ती म्हणली, आजी, तुमचं मत घरी घेणार, दयानंददादांनी फॉर्म दिलाय, खाली सही तुमचीच हाय. मी म्हणलं, ते राहू दे, मी बुथावर येते. तर ती म्हणली, आता यादीत तुमच्या नावापुढं खूण पडली आजी, बुथावर तुम्हाला मत देता येत न्हाई.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी दयानंद जेवायला बसला तवा मी इचारलं. तो म्हणला, माय, मे म्हैन्याचं ऊन, तुझे गुडघे, कशाला तरास? इथवर मी ऐकून घेतलं असतं. पण भाकरीचा घास मोडत मोडत तो पुढचं बोलून गेला. त्यानं असंही सांगून ठेवलं होतं की मायला दिसत न्हाई, हात कापतो. अशा माणसाच्या बदली घरच्यानं खूण केली तर चालती म्हणे. तू नुसती बसून राहा, मी करतो सगळं, असं म्हणला.

म्हंजे मत माझं, आन् देणार हा. अण्णारावाला शब्द दिला होता त्यानं, आमच्या घरची चारी मतं तुमची.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, एका मतानं काय होतंय? लाखानं मतं पडतेत. तर ऐका.

मी पयलं मत दिलं ते बांगलादेशाच्या लढाईच्या वर्षी. घरात अकरा माणसं. सासू, जावा, नणंदा, दीर. विहिरीवर जायचं तर संगं कोणीतरी, शेतात जायचं तर संगं कोणीतरी, झोपायचं तर दोन्ही बाजूंनी लेकरं. लगीन होऊन सहा वर्षं झाली होती आन् मी एकदा सुदा एकटी अशी नव्हते. मालकानं वाटंनं सांगितलं, कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा. मी हाव म्हणलं. शाळेत गोणपाटाचा आडोसा केला होता. त्याच्या मागं गेले तर तिथं कोणीच न्हाई. मी, कागद आन् शिक्का. मालकाचा खोकला बाहेरून ऐकू येऊन राहिला होता, पण मालक आत येऊ शकत नव्हते. सासूबाई येऊ शकत नव्हत्या. दिल्लीची राणी आली असती तरी तिला बाहेरच थांबवलं असतं. त्या खेपेला मालकानं सांगितलं तिथंच मी शिक्का मारला. पण बाहेर आले तवा माझी मान वेगळी होती.

मग नसबंदीचं साल आलं. माझ्या धाकट्या दिराला बाजारातून जीपमधी घालून नेलं. लगीन ठरलेलं होतं त्याचं. ते मोडलं. त्या माणसानं पुढं चाळीस वर्षं कोणाच्या बारशाला पाय ठेवला न्हाई. मालक तरी म्हणले, आपलं घर हमेशा ज्याला देतंय त्यालाच द्यायचं. मी हाव म्हणलं, आडोशामागं गेले आन् माझ्या मनानं शिक्का मारला. बाहेर मालकानं इचारलं, दिलं का? मी म्हणलं, दिलं. खोटं काय बोलले? त्याच्यानंतर प्रत्येक खेपेला तेवढंच. दिलं का? दिलं. घरापर्यंत मालक मुके चालायचे. पुढं पुढं तर चित्र कोणतं तेसुदा सांगायचं त्यांनी सोडून दिलं. मला वाटलं, म्हातारपणानं कंटाळले.

किती सरकारं आली न् गेली, मी सगळी बघितली. भूकंपाच्या वर्षी हेलिकॉप्टरनं येणारे बघितले, रडणारे बघितले, फोटोपुरते रडणारेही बघितले. आधी पुढारी जीपमधी यायचा, भोंग्यावर खोटं बोलायचा, पण धूळ तरी खायचा. आता खोटं मोबाईलमधून घरात येतंय, उशाखाली झोपतंय. ज्या आळीत एकमेकीच्या घरची भाजी वाटीनं जायची तिथं आता बायका बोलत न्हाईत, कारण कोणीतरी दूरच्यानं काहीतरी पाठवलं. सकाळी एका पक्षाचा माणूस संध्याकाळी दुसऱ्याच्या मांडवात. तिकडं परमुलखात लढाई लागती आन् इकडं तेल महाग होतंय, सोयाबीन मात्र पडूनच. हे सगळं मला कळतंय. मला कळतंय म्हणून तर माझं मत माझंच पाहिजे. सारं जग बदललं, पण त्या आडोशामागची जागा बदलली नव्हती. ती जागा हा मला इचारल्याबिगर देऊन आला.

मी भांडले न्हाई. भांडून दयानंद आणखी अडतो, बापावर गेलाय. मी म्हणलं, येऊ दे तुझं सरकार.

सरकार आलं सकाळी दहाला. एक साहेबीण बाई, दोन कारकून, एक पोलीस आन् कॅमेऱ्याचा माणूस. दयानंदानं इस्त्रीचा सदरा घातलेला. अण्णाराव ओसरीवरच्या बाजंवर येऊन बसलेले, म्हणे सहज चाललो होतो. मी खाली वाकळ शिवत बसले होते. सकाळपासून मुद्दाम तिथंच बसले होते.

बाईनं कागद वाचला. आजींना दिसत नाही, मुलगा सोबती म्हणून खूण करणार, बरोबर ना? दयानंद म्हणला, हाव. मी म्हणलं, बाई, तो कॅमेरा जरा इकडं करा. सुईतला दोरा मी ओढून काढला. दातानं तोडला, ओला केला, आन् कॅमेऱ्यापुढं सुई धरून एका दमात ओवला. मग सुई बाईच्या हातात दिली. चष्मा लावलेल्या त्या बाईनं सुई बघितली, दोरा बघितला, मला बघितलं.

"आजी, तुमचं वय शहाऐंशी ना?"

"वय बैलबाजारातलं हाय," मी म्हणलं. "डोळे माझे हायेत. माझं मत मी देणार."

बाई हसली न्हाई, ते मला आवडलं. तिनं दयानंदाला सांगितलं, सोबत्याची गरज नाही, तुम्ही बाहेर थांबा. अण्णाराव म्हणले, आम्ही काय, इथं ओसरीवरच बसतो. मी म्हणलं, अण्णाराव, ओसरी माझ्याच घराची हाय, तुम्ही अंगणाच्या बाहेर व्हा. ते उठले. बाईनं संगं आणलेल्या मतपेटीपाशी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आन् कॅमेऱ्यासकट सगळे पलीकडं तोंड फिरवून उभे राहिले. माझ्याच घरात, माझ्याच भिंतींमधी, पयल्यांदा मी एकटी होते. मताच्या कागदावर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. घाई केली न्हाई. खूण केली, पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं. मग बाईकडून सुई परत घेतली आन् वाकळ पुढं शिवायला बसले.

सगळे गेल्यावर दयानंद आत आला. डोळे लाल. म्हणला, "माय, चारचौघात माझी इज्जत घालवलीस."

मला वाईट वाटलं, न्हाई कसं म्हणू? पोराचा चेहरा पडलेला कोणत्या आईला बघवतो? पण मी म्हणलं, "तू माझी सही खोटं सांगून घेतलीस. तुझ्या बापाला मी नसबंदीच्या सालापासून कधी सांगितलं न्हाई मी कोणाला मत देते. त्यानंही कधी इचारलं न्हाई. तू कोण लागून गेलास?" हे त्याला नवीन होतं. आमच्या घराचं मत एक हाय, असं बाप गावभर सांगायचा, ते ऐकत तो मोठा झाला होता. दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्याचं तेल घेऊन आला.

मतदानाच्या दिवशी मी पातळ बदललं आन् वर्षाराणीसंगं बुथावर निघाले. सूनबाई म्हणली, मामी, तुमचं तर झालं, उन्हात कशाला? मी म्हणलं, पोरीचं पयलं हाय. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दे.

वाटंत पोरगी म्हणली, बाबा सकाळी एक सांगून राहिले, कॉलेजातल्या मैत्रिणी दुसरंच सांगून राहिल्यात, मोबाईलवर तिसरंच. मग शाळेच्या फाटकाशी थांबली आन् माझा हात धरला.

"आजी, तू सांग ना. कोणाला देऊ?"

आता खरं सांगते. नाव माझ्या जिभेवर आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. शहात्तर वर्षं बघितलं, सोसलं, त्याचा सगळा अर्क त्या एका नावात होता, आन् ही पोरगी माझं ऐकणार होती, बापाचं न्हाई. असा मोह मला उभ्या जन्मात झाला न्हाई. मी नाव गिळलं.

"आत गेलीस की तिथं तुझ्याबिगर कोणी नसतंय," मी म्हणलं. "तुझा बाप न्हाई, मी पण न्हाई. जा."

ती गेली. मी लिंबाखाली उभी राहिले. घटकाभरानं बोटाची शाई फुंकत आली, मान जरा वर.

"दिलं का?" मी म्हणलं.

"दिलं."

बस, तेवढंच. घर येईपर्यंत मी तिला एक शब्द इचारला न्हाई. अर्ध्या कोसाची वाट, लई जड गेली. दोनदा तोंड उघडून मिटलं. आन् वेशीपाशी आलो तवा मला एकदम मालक आठवले, माझ्या पुढं चार पावलं, मुके चालणारे, चाळीस वर्षं. कंटाळले नव्हते ते. त्यांना सगळं माहीत होतं.