रिसोड अपडाउनची गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. फार म्हातारी नव्हे, पण विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी जरा उतरली की थकलेल्या बैलाकडे पाहावे तसे मालक तिच्याकडे पाहू लागतात. माझा जन्म कारखान्यातला. तिथे यंत्रांचे हात जास्त, माणसांचे कमी. मला कुणी मायेने गोंजारल्याचे आठवत नाही.

धम्मरत्न सरांनी मला वाशीमला आणले, तेव्हा मात्र अख्खी गल्ली गोळा झाली. खिडकीतून वायर काढून मला चार्जिंगला लावले, तशी शेजारची लिलाबाई म्हणाली, "अवं माय, हे तं मोबाइलवानीच हाय!" सरांच्या पत्नी रूपाताई हसत हसत माझ्या टपावरून हात फिरवत होत्या.

मग वाशीम ते रिसोड रोजचे अपडाउन सुरू झाले. सर रिसोडच्या शाळेत, रूपाताई तिथल्याच दवाखान्यात नर्स, आणि मागच्या सीटवर सरांच्या शाळेतले देवमन गुरुजी. एसट्या, जीपगाड्या, दूधवाले, मोटारसायकली, सगळ्यांना एकाच वेळी पोचायचे असते. मला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे पुढचा सायकलवाला हलत नसे आणि हॉर्न दिला की दचकून शिव्या देई. आत मात्र तिघांच्या गप्पांचा नुसता गलका. तेव्हा मी सुखात होते.

गेल्या वर्षी रूपाताई आजारी पडल्या आणि गेल्या. सर रडले नाहीत. काही दिवसांनी मला घेऊन शाळेला निघाले, तेव्हा गाणी बंद, एसी बंद. देवमन गुरुजींना त्यांनी सांगितले, "बॅटरी उतरली रे. वजन झेपत नाही तिले."

चक्क माझ्यावर आळ! बॅटरी थोडी उतरली होती हे खरे, पण गुरुजी म्हणजे काही सोयाबीनचे पोते नव्हेत. मला राग आला, मग तोही विझला. निघायचे, थांबायचे, वीतभर सरकायचे, पुन्हा ब्रेक, आणि संध्याकाळी तेच उलट. सर बोलत नसत. मलाही काही वाटेनासे झाले. एकच धास्ती उरली होती, हा माणूस असाच गप्प राहून एक दिवस बोलायचेच विसरेल.

यंदा सोयाबीन निघाले आणि रिसोडच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली. शाळा-कचेऱ्या सुटायची वेळ, त्यामुळे सगळेच अडकले. रस्त्याच्या कडेला देवमन गुरुजी उभे होते. त्यांनी माझ्या काचेवर टकटक केले.

"भाऊ, एसटी काही येत नाही. मले घेता का?"

"चार्जिंग नाही रे," सर समोरच पाहत म्हणाले. "वाशीमले पुरणार नाही."

पडद्यावर माझे साठ टक्के ठळक दिसत होते. गुरुजींनी ते पाहिले.

"बरं, जा तुमी," ते म्हणाले.

पण जाणार कुठे? पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रक. गुरुजी पायीच निघाले आणि आमच्या पुढे गेले. मी थोडी सरकले, त्यांच्या बरोबरीला आले. ते पुन्हा पुढे गेले. असे बराच वेळ चालले. दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. माणूस असते तर मी लाजेने तोंड लपवले असते.

शेवटी गुरुजीच थांबले आणि खिडकीशी वाकले.

"भाऊ, वहिनीच्या जागेवर नाही बसत मी. मांगं बसतो. बोलत बी नाही."

मागचे हॉर्न वाजू लागले. मग माझे कुलूप खट् करून उघडले. गुरुजी मागचे दार ओढणार, तोच सरांनी शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"पुढं बस," ते म्हणाले. "अन् बोलत राह्य. मले घरी बी कोणी बोलाले नाही."

वाशीम आले तरी दोघे खाली उतरले नाहीत.

मित्रांनो, मला रोज धुतले नाही तरी चालेल. पण तुम्हाला एकटे राहावेसे वाटले, तर तसे सांगा; आमच्या बॅटरीचे नाव सांगून कुणाला रस्त्यात सोडू नका. आम्हाला माणसांचे ओझे होत नाही.