लॅपटॉपचा पंखा थांबेना

गणपती गेल्यापासून जागृतीच्या लॅपटॉपचा पंखा थांबायचं नाव घेत नव्हता. नवी मुंबईतल्या खांदेश्वरच्या फ्लॅटमधून ती एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायची. सकाळी लॅपटॉप उघडला की घरघर सुरू, तो मिटेपर्यंत. मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "मॅडम, मागे मिक्सर चालू आहे का?"

तिनं धाकट्या भावाला, भावेशला फोन लावला. तो महापेच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. हा लॅपटॉपही त्यानंच विंडोजऐवजी लिनक्स टाकून तिला दिला होता.

"धूळ असेल ताई. ब्रशनं साफ कर."

"केली. काही फरक नाही. थांब, कुठला प्रोग्राम एवढा राबतोय ते बघते."

"नको, नको. आत हात घालू नको तू. रविवारी येतो मी." त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

ते तिला लागलं. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारी ती. तिनं टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी, उघडून चालू प्रोग्रामची यादी काढली. सगळ्यात वर एक अनोळखी नाव बसलेलं. बंद केलं तर पंखा मंदावला, आणि लगेच पुन्हा भडकला. कुणीतरी त्याला परत उठवत होतं.

ती माग काढत गेली. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये तिच्याच स्क्रीनचे फोटो होते, शेकड्यांनी. खाली आवाजाच्या फाइली. हे सगळं एका मेलवर जात होतं. त्या मेलची जागा भरून गेलेली, म्हणून प्रोग्राम त्याच फाइली पाठवायची धडपड पुन्हापुन्हा करत होता. मेल कुंदनचा होता, तिच्या नवऱ्याचा. आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत, लिहिणाऱ्याच्या जागी, भावेशचं नाव.

तिनं एक फाइल लावली. तिचाच आवाज आला. "शर्मिला, कुणाला बोलू नको हां. पुण्याची नोकरी मिळाली तर मी जाणार. इथे जीव घुसमटतो माझा."

हे बोलणं झालं त्याच आठवड्यात कुंदननं जेवताना विचारलं होतं, "मग, पुण्याला कधी निघालीस?" तिला वाटलं होतं, वरच्या मजल्यावरची शर्मिलाच फुटली. सोसायटीच्या गेटपाशी, चारचौघांत, ती शर्मिलाला नाही नाही ते बोलली होती. शर्मिलानं पोरांची शपथ घेतली, तरी तिनं ऐकलं नव्हतं.

तिनं पुन्हा भावेशला फोन केला. "तू केलंस हे?"

"दाजी बोलले, सेफ्टीसाठी. जावयाला नाय कसं म्हनायचं? मी काय ऐकलं नाय ग, देवाशपथ."

"मला विचारायचं होतंस."

"आईला म्हाईत हाय," तो पुटपुटला. "तीच बोलली, लावून दे, संसार तरी टिकंल."

जागृतीनं फोन कानापासून खाली घेतला. तो बोलतच होता.

संध्याकाळी कुंदन आल्यावर तिनं सगळं त्याच्यासमोर ठेवलं. त्याचा चेहराही बदलला नाही. "बायको आहेस माझी. लपवण्यासारखं काय होतं तुझ्याकडे?" एवढं बोलून त्यानं ताट वाढायला सांगितलं. तिनं वाढलं. हात आपोआप चालत होते.

दुसऱ्या दिवशी ती वर शर्मिलाकडे गेली. शर्मिलानं दारातच उभं राहून सगळं ऐकून घेतलं.

"कळलं ना तुला? बरं झालं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

महिनाअखेरीस जागृतीनं घर सोडून कळंबोलीला एक खोली घेतली. खाली ट्रान्सपोर्टचा अड्डा, दिवसभर ट्रकचे हॉर्न. पुण्याची जागा तोवर भरली होती. आईचे फोन यायचे, ती उचलत नसे. कामाच्या लोकांशी तेवढं बोलणं व्हायचं. तो प्रोग्राम तिनं कधीच पुसून टाकला होता, तरी काम आटोपलं की ती लॅपटॉप बंद करून उशीखाली ठेवायची, आणि कुणाला फोन करायचा झाला तर बाहेर जिन्यात जाऊन, हलक्या आवाजात करायची.